वळणाला जागा किती लागते?

संगणकावर शहर वसवण्याचे खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळले असतील. 'सिटीज : स्कायलाइन्स' हा फिनलंडमध्ये तयार झालेला असाच एक खेळ २०१५ साली आला. त्यात पाणी, वीज यांची सोय आपणच करायची आणि महामार्गही आपणच आखायचे. दोन महामार्गांना जोडणारे वळण थोडक्या जागेत बसवावे, असा मोह तेथे सर्वांनाच होतो. पण वळणाला जागा किती लागते, हे कशावरून ठरते?

दोरीला रबरी चेंडू बांधून तो गरगर फिरवा. दोरी सुटताच चेंडू सरळ रेषेत निसटतो. म्हणजे त्याला वर्तुळात ठेवण्यासाठी सतत आत ओढावे लागते. मोटारीला दोरी नसते. हे काम टायर आणि रस्ता यांमधील घर्षण करते. रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवली, तर त्या उताराचीही मदत होते. लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्या वाढली की कमी होते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत यासाठी असे सूत्र आहे :

त्रिज्या (मीटर) = (ताशी किलोमीटरमधील वेग)² ÷ [१२७ × (उतार + घर्षण गुणांक)]

सपाट प्रदेशात उतार जास्तीत जास्त ०.०७ आणि घर्षण गुणांक ०.१५ धरतात. कोरड्या रस्त्यावर घर्षण याहून बरेच अधिक मिळते. पण रस्ता पावसाने ओला होतो, टायर झिजतात. म्हणून हिशेब हात राखूनच केलेला बरा.

आता ताशी १०० किलोमीटर वेग घेऊ. त्रिज्या येते सुमारे ३६० मीटर. ताशी ५० किलोमीटरला ती अवघी ९० मीटर. वेग निम्मा केला, तर त्रिज्या चौथाई होते!

खेळात जमिनीच्या एका चौरसाची बाजू ८ मीटर असते. म्हणजे पहिल्या वळणाची त्रिज्या ४५ चौरस, तर दुसऱ्याची सव्वाअकरा.

या खेळातील मोटार आखूड वळणावर आपोआप वेग कमी करते. ती घसरत नाही. खऱ्या रस्त्यावरील चालक मात्र थकलेला असू शकतो, घाईत असू शकतो. त्याच्या चुकीला थोडी जागा आखणाऱ्यानेच ठेवायची असते.

ताशी ८० किलोमीटरसाठी किती चौरस लागतील? गणित करून पाहा. उत्तर २९च्या जवळपास यायला हवे.