गिअरची सायकल घेताय? आधी दाते मोजा!



आठवी-नववीची मुलं हल्ली सायकल मागताना "गिअरवालीच पाहिजे" म्हणतात. दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "किती गिअरची?" आणि उत्तर ऐकून आपण किंमत ठरवतो. एकवीस म्हणजे भारी, सात म्हणजे साधी. खरं तर गिअरच्या संख्येवरून फारसं काहीच कळत नाही. कळतं ते दात्यांवरून. दाते मोजायला लागतं फक्त सहावी-सातवीचं गणित, गुणोत्तर!

पायडलपाशी जे मोठं दातेरी चाक असतं ते चेनव्हील. मागच्या चाकाला असतात त्या लहान-मोठ्या चकत्या, म्हणजे फ्रीव्हील किंवा कॅसेट. पुढे ५० दाते आणि मागे ११ असतील, तर पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक ५० भागिले ११, म्हणजे साधारण साडेचार वेळा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेनऊ मीटर पुढे जाते. हा झाला जड गिअर. आता पुढे ३४ आणि मागे २८ लावा. चाक फिरलं १.२१ वेळा, अंतर झालं अडीच मीटर. अंतर कमी, पण पायाला जोरही कमी. फुकट काही मिळत नाही, हे मुलांना इथे चांगलं समजतं.

आता एकवीस गिअरचं बघू. बऱ्याच सायकलींना पुढे तीन चक्र असतात, ४८, ३८ आणि २८ दात्यांची. मागे सात, १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. तीन गुणिले सात एकवीस, बरोबर. पण ४८ भागिले २४ किती? दोन. आणि २८ भागिले १४? तेही दोनच! ३८ भागिले १८ सुद्धा दोनच्या आसपास. वर्गात हा एकवीस खणांचा तक्ता मुलांकडून भरून घ्या. कितीतरी उत्तरं एकमेकांना चिकटून येतात. त्यात पुढचं सगळ्यांत मोठं आणि मागचंही सगळ्यांत मोठं, किंवा दोन्ही सगळ्यांत लहान, अशा जोड्यांत चेन तिरकी चालते, घासते आणि लवकर झिजते. त्या वापरायच्याच नाहीत. एकवीसातले खरोखर उपयोगाचे गिअर दहा-बारा उरतात.

मग निवडायचं कशावरून? सगळ्यांत हलका गिअर कोणता आहे, यावरून. सपाटीवर कुठलीही सायकल चालते, प्रश्न येतो चढावर. समजा घाटात तुमच्या मुलीचा वेग ताशी ८ किलोमीटरवर आला. मिनिटाला १३३ मीटर झाले. जुन्या शर्यतीच्या धर्तीवर पुढे ३९ आणि मागे २५ दाते असतील तर एका फेऱ्यात ३.२८ मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४० फेरे. प्रत्येक फेऱ्याला उभं राहून दाबावं लागेल. ३४ ला २८ असेल तर ५२ फेरे. ३४ ला ३४ असेल तर ६३, आणि तेव्हा बसून, श्वास सांभाळून चढता येतं. सपाटीवर सराव झालेला माणूस मिनिटाला ८०-९० फेरे मारतो, हे लक्षात घेतलं म्हणजे ४० किती कमी ते कळेल. वाढत्या वयात गुडघ्यावर रोज असा भार नको. माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या घरापासून शाळेपर्यंत चढ आहे, त्यांनी मागची मोठी चकती ३२ किंवा ३४ ची आहे का तेवढं आधी बघावं, रंग नंतर.

"आमच्या वेळी कुठे होते गिअर?" असं आजोबा म्हणतातच. त्यांना सांगा, तूर द फ्रान्सच्या शर्यतीतही १९३७ सालापर्यंत चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरला बंदी होती. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या लावलेल्या असत, आणि चढ आला की गडी खाली उतरून चाकच उलटं बसवत!

आता घरात सायकल आहेच आणि फक्त मागची कॅसेट मोठी करायची आहे, तर? दुकानदार "होईल की" म्हणतो. थांबा, एक बेरीज करा. पुढच्या दोन चक्रांतला फरक, अधिक मागच्या सर्वांत मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. पुढे ५० व ३४, म्हणजे १६. मागे ११ ते २८, म्हणजे १७. बेरीज ३३. मागे ११ ते ३४ लावलं तर बेरीज ३९. मागचा डिरेलर चेनचा एवढाच ढिलेपणा गुंडाळू शकतो, अशी त्याची मर्यादा ठरलेली असते आणि ती कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते. सर्वांत मोठी किती दात्यांची चकती चालेल, तेही तिथेच असतं. आखूड दांडीच्या डिरेलरला ३९ झेपत नाही, लांब दांडीचा लागतो.

चेनची लांबीही बदलते. जुनी चेन तशीच ठेवून मोठी कॅसेट लावली आणि मुलाने चुकून दोन्हीकडे मोठं चक्र टाकलं, तर चेन ताणून डिरेलरच उपटला जातो. लांबी मोजायची सोपी रीत अशी. डिरेलरमधून न घालता चेन पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून फिरवायची, जिथे टोकं जुळतात तिथे आणखी दोन कड्या जास्त धरायच्या. आणि मागे जितक्या चकत्या, तितक्यांसाठीचीच चेन आणि तितक्यांचाच हँडलवरचा शिफ्टर हवा. आठच्या शिफ्टरवर दहाची कॅसेट नीट चालत नाही, कारण दर खटक्याला केबल किती ओढायची हे आत ठरलेलं असतं.

हे सगळं विकत घेण्याचं झालं. पण बहुतेक तक्रारी लावणीच्या असतात. आमच्या आठवीतला एक मुलगा रोज काळे हात घेऊन वर्गात यायचा. चेन पडते म्हणून. एका दुकानात त्याच्या वडिलांना "पूर्ण गिअर सेट बदला" असं सांगितलं होतं. रोजंदारीच्या घरात ही रक्कम म्हणजे महिन्याचा किराणा. प्रत्यक्षात एक स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचा होता आणि केबल थोडी ताणायची होती. खर्च शून्य.

म्हणून मागच्या डिरेलरचे स्क्रू ओळखून ठेवा. सायकल स्टँडवर घ्या, किंवा कुणाला तरी मागचं चाक उचलून धरायला सांगा. आधी मागून बघा, डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती हँगर सरळ आहे का. सायकल उजव्या बाजूला पडली की ती वाकते, आणि ती वाकडी असेल तर पुढची सगळी खटपट वाया.

डिरेलरवर दोन छोटे स्क्रू शेजारी शेजारी असतात, त्यांच्यापाशी एच आणि एल ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. एच म्हणजे लहान चकतीकडची हद्द. चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, डिरेलरची वरची पुली बरोबर तिच्या खाली, एका रेषेत आली पाहिजे. एल म्हणजे मोठ्या चकतीकडची हद्द. हा स्क्रू सैल असेल तर चेन मोठ्या चकतीच्याही पलीकडे जाऊन चाकाच्या आऱ्यांत अडकते. चालत्या सायकलचं मागचं चाक तिथल्या तिथे जाम होतं, आणि हे होतं नेमकं चढ सुरू होताना, मागे वाहनं असताना. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, एल बघाच.

हद्दी ठरल्या की केबल. केबल डिरेलरमध्ये शिरते तिथे हाताने फिरणारी एक गोल नळी असते. मोठ्या चकतीवर चेन चढायला कुरकुरत असेल तर ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, केबल ताणली जाते. लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर घड्याळाच्या दिशेने. पाव फेरा, पायडल फिरवून बघा, पुन्हा पाव फेरा. घाई नको. नवी सायकल महिन्याभरात खटखटायला लागते ती याचमुळे. केबल आणि तिचं वेष्टण जागेवर बसतं, ताण कमी होतो. सायकल बिघडलेली नसते.

चेन किती झिजली ते मुलांच्या फूटपट्टीने कळतं. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणून एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश भरलं तर चकत्याही झिजल्याच असणार, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरते. वेळेत चेन बदलणं केव्हाही स्वस्त. पावसाळ्यात रस्त्यावरची बारीक वाळू तेलात मिसळून कानसीसारखं काम करते, तेव्हा चेन आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब आणि वरचं जादा तेल परत पुसून टाका.

वर्गात हे करून बघणार असाल तर एकच सूचना. पायडल एकानेच फिरवायचं, आणि बाकीच्यांचे हात चेनपासून लांब. ओढण्या, मफलर आधी बांधून घ्यायला सांगा. फिरत्या चेनमध्ये आणि चकतीत बोट सापडायला क्षणही लागत नाही.