साठीनंतरची विमानं

9 ऑगस्ट 2003 रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या पूर्व टोकावरून, केप स्पिअर इथून, मेनार्ड हिल या अमेरिकी गृहस्थांनी एक विमान हाताने हवेत सोडलं. सांगाडा बाल्सा लाकडाचा, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ताणलेला, वजन इंधनासकट पाच किलोच्या आत. 38 तास 52 मिनिटांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर, क्लिफडेनजवळ उतरलं. तीन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र त्याने एका दमात ओलांडला. 1919 साली ऑलकॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक महासागर पहिल्यांदा न थांबता पार केला, तो याच वाटेने.

हिल तेव्हा 77 वर्षांचे होते. कायद्याच्या व्याख्येने ते अंध होते, ऐकूही फार कमी येई. समुद्रावर विमानाने उपग्रहाच्या खुणेवरून आपली दिशा स्वतःच धरली. सुरुवातीला आणि उतरताना मात्र ते रेडिओवर हाताळावं लागलं, आणि ते काम त्यांच्या साथीदारांनी केलं. त्याआधी सोडलेली विमानं समुद्रात गेली होती. तरी हिल पुन्हा लाकूड कापायला बसले. जागतिक विक्रमाची पाच किलोंची मर्यादा त्यांच्यासाठी साडेपाच झाली नाही. त्या नियमपुस्तकात ज्येष्ठांची वेगळी रांग नव्हती.

मॉडेल विमानं बांधण्याच्या छंदाचं मोठेपण मला इथेच दिसतं. निवृत्तीनंतर माणसाला सगळीकडे सांभाळून घेतलं जातं. घरात चहा हातात येतो, बसमध्ये जागा मिळते, चुकलेलं नाव ऐकणारे मुकाट्याने दुरुस्त करून घेतात. ही माया खरी असते आणि हवीहवीशीही असते. पण आपण केलेलं काम नीट झालं की नाही, हे तोंडावर सांगणारं कुणी उरत नाही. टेबलावर बांधलेलं विमान ते सांगतं. नाक हलकं राहिलं तर ते वर तोंड करतं, थबकतं आणि पडतं. एका पंखाला पीळ राहिला तर गोल फिरत जमिनीत घुसतं. बांधणारा पंधरा वर्षांचा आहे की पंचाहत्तर, याचा हवेला पत्ता नसतो.

छंद जुना आहे, माणूस घेऊन उडणाऱ्या विमानाहूनही जुना. 1871 साली पॅरिसच्या तुईलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते 11 सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे 40 मीटर गेलं. रबर ताणलेलं, पंखांची टोकं वर उचललेली, मागे तोल धरणारं शेपूट: आजही रबरावरचं विमान बांधायला घेतलं की पेनोचीच रचना हाताखाली येते. त्याच्याच तत्त्वावरचं एक उडतं खेळणं 1878 च्या सुमारास राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलं होतं.

पुढे छंदाच्या शाखा झाल्या. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची मॉडेल्स ही त्यातली सर्वांत पसरलेली शाखा. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने 1953 मध्ये स्पिटफायर विमानाचा संच आणला, त्या वेळची शाळकरी मुलं आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. 72 पट लहान केलेलं स्पिटफायर टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर भरतं, म्हणजे ते गॅलरीतल्या स्टुलावरही होतं. ही मॉडेल्स उडत नाहीत. त्यांचा आनंद रंगात आणि इतिहासात आहे. नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने मिग-21 चं छोटं मॉडेल हाती घेतलं, तर कुठला पत्रा ऊन-पावसाने कसा विटतो हे त्याला पुस्तकात बघावं लागणार नाही. तरीही माझा जीव उडणाऱ्या विमानांत आहे आणि या लेखात झुकतं माप त्यांनाच मिळेल.

त्यातही उतारवयासाठी मी आधी नाव घेईन रबरावरच्या छोट्या विमानांचं. 'पीनट' नावाचा एक प्रकार आहे, त्यात पंखांची लांबी 13 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती, पण उडणारी. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेलं पस मॉथ या मापात बसवायचं तर ते 34 पट लहान करावं लागतं. विमान निवडायला उत्तम: पंख डोक्यावर असल्यामुळे तोल आपोआप सावरतो, नाक लांब असल्यामुळे पुढे कमी वजन घालावं लागतं, आणि लांबट धडात रबराचा पीळ ऐसपैस राहतो. अडचण एकच. विमान 34 पट लहान होतं, हवा लहान होत नाही. म्हणून जाणकार शेपूट मूळ मापापेक्षा थोडं मोठं घेतात आणि पुढचा पंखा तर चांगलाच मोठा. (जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला. पस मॉथ बांधताना मला त्यांचं हे दुसरं उड्डाण जास्त आठवतं.)

या कामातली सर्वांत सुंदर पायरी म्हणजे सांगाड्यावर कागद चढवणं. घरी कामट्यांचा आकाशकंदील केलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाही. फासळ्यांच्या कडांना पातळ खळ लावायची, टिश्यू पेपर अलगद टेकवायचा, मधून बाहेर बोटाने सारत न्यायचा. इतकं करूनही कागद ढिलाच दिसतो. मग फवाऱ्याने पाण्याचा अगदी बारीक शिडकावा द्यायचा. ओला कागद आधी आणखी लोंबतो, सगळं बिघडलं असं वाटतं. पण वाळता वाळता तो आकसतो, सुरकुत्या एकेक करून जातात आणि तासाभराने टिचकी मारली तर टण्ण वाजतो. ही ताकद मोठी असते. पंख पाटावर टाचण्यांनी किंवा वजनाने दाबून ठेवला नसेल तर कागद सगळा सांगाडा पिळवटून टाकतो. पीळ बसलाच तर किटलीच्या वाफेवर धरून उलट दिशेने हलकेच वळवायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. वाफेखालचं लाकूड नरम पडल्याचं बोटांना जे कळतं, ते तोंडी सांगून कळत नाही. म्हणून जवळपास असा कोणी जुना हात असेल तर त्याच्याशेजारी एक दुपार जरूर बसावं.

रेडिओवर चालणाऱ्या विमानांचं जग बॅटरीने बदललं. पूर्वी मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारी किंचाळणारी इंजिनं असत, कपड्यांचा वास दोन धुण्यांत जात नसे. आता लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि फोमचं शरीर यांमुळे शिकणं सोपं झालं आहे. शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा नियंत्रक जोडून घेता येतो, विमान बिघडायला लागलं की गुरू ताबा घेतो. मात्र ही बॅटरी चार्ज होत असताना आपण खोलीबाहेर जाऊ नये. ती फुगलेली दिसली की टाकून द्यावी.

दुसऱ्या टोकाला घरातल्या हवेतली विमानं आहेत. एफवन-डी या जागतिक स्पर्धेच्या गटात विमानाचं वजन, रबर सोडून, किमान 1.4 ग्रॅम लागतं, आणि ती उंच छताच्या दालनात अर्धा तास तरंगतात. रुमानियातल्या स्लानिक इथल्या मिठाच्या खाणीत या स्पर्धा झाल्या आहेत, कारण तिथली हवा हलत नाही. इथे धावायचं नसतं, उन्हात उभं राहायचं नसतं. गुडघे दुखणाऱ्याला याहून चांगला खेळ नाही.

शरीराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, तर डोक्याला लावायचं भिंग घ्यावं आणि दिवा डाव्या बाजूला ठेवावा, डावखुऱ्यांनी उजव्या. हात थरथरत असेल तर कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात टेबलावर टेकवून कापावं, खूप फरक पडतो. पातं नवं असावं, बोथट पात्याला जोर लागतो आणि तेच निसटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डाव्या हाताच्या बोटांना कातड्याच्या टोप्या घालाव्यात आणि कापसाची पट्टी हाताशी ठेवावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ डोळ्यांत आणि छातीत जाते, खिडकी उघडी हवी. हा छंद इतकी वर्षं पुरुषांचाच समजला गेला, यात छंदाचंच नुकसान झालं. बारीक भरतकाम केलेल्या बोटांना बाल्साची फासळी बसवणं जड जाणार नाही.

बाल्सा आपल्याकडचा नाही. तो मुख्यतः इक्वेडोरहून येतो, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात कठीण लाकूड असूनही सागाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका हलका. पवनचक्क्यांच्या पात्यांतही तोच भरतात, त्यामुळे 2020 च्या सुमारास जगभर त्याची चणचण झाली आणि भाव चढले. पहिल्या विमानासाठी बाल्साचा हट्ट धरू नये. पतंगाच्या कामट्या, थर्माकोलचा पातळ तक्ता आणि वाण्याकडचे रबर बँड घेऊन शिकता येतं.

उडवण्यापूर्वी जागा बघावी. पुण्यात लोहगावभोवती, मुंबईत विमानतळांच्या आसपास निर्बंध आहेत. 2021 च्या ड्रोन नियमांनंतर सरकारने लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशा सर्वांना खुला केला आहे. रेडिओवरचं विमान मैदानात नेण्याआधी तो पाहणं आवश्यक आहे. वेळ सूर्योदयानंतरची, विशेषतः हिवाळ्यात, जमीन तापून हवा उसळायला लागायच्या आधी.

एक गोष्ट मला फार टोचते. आयुष्यभर बांधणारा माणूस जातो आणि त्याचे कागदावरचे आराखडे, हाताने कापलेले फासळ्यांचे साचे, रबराच्या पिळांच्या नोंदींच्या वह्या रद्दीत जातात. घरच्यांचा दोष नसतो, त्यांना ते कागद कसले हे ठाऊकच नसतं. म्हणून प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात विमानाचं नाव, वर्ष, गुरुत्वमध्याची जागा आणि उडताना काय बदल केले ते लिहून ठेवावं. सगळं एका पेटीत भरून, ती कुणाला द्यायची त्याचं नाव झाकणावर घालावं. छात्रसेनेच्या हवाई विभागातल्या मुलांना मॉडेल विमानं शिकवली जातात. घरात कुणी घेणारं नसेल तर जवळच्या महाविद्यालयात चौकशी करावी, आणि ती आपण हिंडते-फिरते असतानाच करावी, म्हणजे पेटीबरोबर दोन-चार दुपारी आपणही तिथे जाऊन बसू शकू.