एअर पिस्तूल डावीकडं मारतंय? स्क्रू फिरवायच्या आधी हे वाचा

यवतमाळ : २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ आणलं. शालेय स्पर्धांतही एअर पिस्तूल आहे, म्हणजे वणी, पुसद, उमरखेडच्या पोट्ट्यांनाही हा खेळ खुला आहे. पण नेम चुकला की दोष पिस्तुलाला दिला जातो आणि साइटचा स्क्रू फिरवला जातो. स्पर्धा बरेचदा तिथंच हातची जाते.

आधी पाच छर्रे मारा, नेम अजिबात न बदलता. पाचही छिद्रं एका जागी, पण मधल्या दहापासून लांब पडली, तर साइट हलवायची. छिद्रं कागदभर विखुरली, तर स्क्रूचा काही संबंध नाही, हात आणि घोडा दाबणं सुधारायचं. उजव्या हातानं मारणाऱ्याचे छर्रे खाली-डावीकडं जात असतील तर बहुतेक वेळा घोडा झटक्यानं दाबला जातोय.

आता साइट. मागं खाच असते, पुढं नळीच्या टोकावर उभी पट्टी. पट्टी खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. नजर पट्टीवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसायला पाहिजे. बहुतेक जण काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरत नाहीत, गोलाच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून धरतात.

नियम सोपा आहे : छर्रा जिकडं न्यायचा, मागची खाच तिकडं सरकवायची. छर्रे डावीकडं पडले तर खाच उजवीकडं, खाली पडले तर खाच वर. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे कंपनीप्रमाणं बदलतं, म्हणून बाण किंवा माहितीपुस्तिका बघा. स्क्रूला हात लावताना पिस्तूल रिकामं आणि तोंड टार्गेटकडंच पाहिजे. छर्रा छोटा असला तरी डोळा जातो.

किती फिरवायचं? खाच आणि पट्टीत ३५ सेंटीमीटर अंतर असेल, तर खाच एक मिलीमीटर सरकली की १० मीटरवर छर्रा जवळपास २८ मिलीमीटर सरकतो. टार्गेटवर लागून असलेल्या दोन रिंगांत ८ मिलीमीटरच असतात, म्हणजे तीन रिंगांहून जास्त फरक. म्हणून दोन-तीन क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, मग बघा. हात अख्खा मिलीमीटरभर हलला तर छर्राही तेवढाच हलतो. खाच-पट्टीची रेषा बिघडली की मात्र मोठा फटका बसतो.

शाळेचं एकच पिस्तूल चार-पाच जण वापरत असतील तर प्रत्येकाची साइट वेगळी बसते. आपले क्लिक वहीत लिहून ठेवा. स्पर्धेत मोजणी सुरू व्हायच्या आधी सरावाचे छर्रे मारायला वेळ मिळतो. साइट तेव्हाच बघून घ्यायची.