तोडलेल्या फुलांचे आयुष्य

फूल झाडावरून खुडले की ते मेले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः खुडलेले फूल कित्येक दिवस जिवंत असते. ते श्वसन करते, देठावाटे पाणी ओढते आणि पाकळ्या व पानांवाटे ते गमावते. मुळांकडून येणारा शिधा मात्र तुटलेला असतो. पुष्पगुच्छ घेणे म्हणजे असा शिधा तुटलेला जीव घरी आणणे होय. तो दोन दिवस टिकतो की आठ, हे बव्हंशी आणणाराच्या हाती असते.

गोंदियासारख्या गावी तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. जिल्हा तळ्यांचा व भातखाचरांचा. गुच्छातील गुलाब, जरबेरा व कार्नेशन ही मात्र बहुधा दूरच्या हरितगृहांतली. महाराष्ट्रातील अशा फुलशेतीचे एक मोठे केंद्र तळेगाव दाभाडे. ते येथून 800 किलोमीटरांहून अधिक दूर. इतकी वाटचाल झालेल्या फुलाचे उरलेले आयुष्य पारखूनच पैसे मोजावेत.

गुलाबाची कळी बुडाशी हलकेच दाबून पाहावी. ती घट्ट लागली तर फूल ताजे. लिबलिबीत लागली तर ते सोडून द्यावे. ग्लॅडिओलसची खालची एकदोन फुले रंग दाखवीत असावीत, वरच्या कळ्या मागाहून क्रमाने उमलतात. निशिगंधाचेही तसेच. जरबेऱ्याची मान वाकलेली नसावी. आणि गुच्छ उचलून देठांची टोके अवश्य पाहावीत, कारण पाकळ्यांवर पाणी शिंपडून टवटवी आणता येते, पण बुळबुळीत, काळवंडलेले देठ काही लपत नाहीत.

घरी आणताच वरचा प्लास्टिकचा कागद काढावा आणि धारदार सुरीने देठ दोन सेंटिमीटर तिरपे कापावेत. बोथट कात्रीने ते चेंगरतात. देठात पाण्याचा अखंड धागा असतो. कापल्यावर तो हवेत उघडा राहिला की आत हवा शिरते, धागा तुटतो, आणि फुलदाणी भरलेली असूनही फूल तहानेने माना टाकते. म्हणून शक्य तर देठ पाण्यात बुडवूनच कापावेत. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत. ती कुजतात, जंतू वाढतात आणि देठांच्या नळ्या तुंबतात.

पाण्यात साखर घालण्याचा उपाय सर्वश्रुत आहे. साखर फुलाला पोसते खरी, पण जंतूंनाही पोसते. जंतुनाशक द्रव्यावाचून नुसती साखर घालणे हितापेक्षा अहिताचेच. त्यापेक्षा साबणाने घासलेली फुलदाणी आणि रोज बदललेले स्वच्छ पाणी यांवर मी अधिक विसंबेन. तांब्याचे नाणे टाकण्याची रीतही ऐकिवात आहे. हल्लीचा रुपया पोलादाचा असतो, एवढे सांगून तो विषय सोडतो.

फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या केळ्यांतून व आंब्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याने कार्नेशन लवकर मिटते आणि कित्येक फुलांच्या पाकळ्या गळतात. वैशाखात या भागात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेव्हा पंख्याचा झोत फुलांवर नसावा आणि रात्री फुलदाणी घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावी.

आता कमळाविषयी. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या या मुलखात लक्ष्मीपूजनाला कमळ हवेच, आणि नेमके हेच फूल फुलदाणीत फार निराश करते. तळ्यात ते सकाळी उमलते, दुपारनंतर मिटू लागते, असे तीनचार दिवस चालते. तोडलेली कळी मात्र बहुधा उमलतच नाही. तिच्या दांड्यात हवेच्या पोकळ नळ्या असतात आणि कापताच चिकट रस येऊन तोंड बंद होते. तेव्हा कमळ पूजेच्या दिवशीच घ्यावे, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावे, दांडा पाण्यात कापून कळी खोल भांड्यात ठेवावी. आयत्या वेळी बाहेरच्या पाकळ्या एकेक करून हाताने बाहेर दुमडाव्यात. जोर लावला तर त्या काळ्या पडतात. दांडा आखूड राहिला असेल तर पसरट परातीत पाणी घेऊन फूल तरंगत ठेवले तरी चालेल.