वारंवार होणारा योनिमार्गाचा किण्वसंसर्ग

मनुष्याच्या शरीरात असंख्य सूक्ष्मजीव कायमचे वास्तव्य करून असतात. कँडिडा नावाचे किण्व, ज्यास यीस्ट असेही म्हणतात, हे त्यांपैकीच एक होय. तोंड, आतडी व योनिमार्ग या ठिकाणी ते अनेक निरोगी व्यक्तींमध्येही काही त्रास न देता राहते. ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कारण योनिमार्गाचा किण्वसंसर्ग बरा होऊन पुन्हा का उद्भवतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीतच आहे. येथे शत्रू बहुधा बाहेरून येत नाही. घरातला रहिवासीच मर्यादा सोडतो.

एरवी त्याला आवर घालण्याचे काम योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती करीत असतात. दुसऱ्या एखाद्या रोगासाठी प्रतिजैविके घेतली की हे उपकारक जंतू मरतात. किण्वावर मात्र त्या औषधांचा परिणाम होत नाही, आणि त्याला मोकळे रान मिळते. गर्भावस्था व मधुमेह यांतही त्याची वाढ सुलभ होते. मग त्याच्या अंडाकृती पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते श्लेष्मल त्वचेत शिरतात. हे तंतू कँडिडालायसिन नावाचे विष तयार करून पेशींना इजा करतात, असे २०१६ साली दिसून आले. खाज, लाली, आग आणि दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव ही त्याची लक्षणे होत.

या किण्वावर औषधे नाहीत असे नव्हे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन यांनी १९५० साली निस्टॅटिन पुढे आणले. त्यानंतरच्या दशकात पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. पुढे पोटात घेण्याची फ्लुकोनॅझोलसारखी औषधेही आली. असे असूनही काही स्त्रियांना वर्षातून तीन किंवा अधिक वेळा हा त्रास होतो. अशा वेळी पूर्वीचेच औषध लज्जेपोटी परस्पर आणून घेण्यापेक्षा तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे अगत्याचे असते.

पहिला प्रश्न असा की, हा किण्वसंसर्गच आहे काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, स्वतःच निदान करून औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांपैकी केवळ एक तृतीयांश स्त्रियांना प्रत्यक्षात हा विकार होता. जंतूंचा समतोल बिघडणे, ट्रायकोमोनास या परजीवीची बाधा, किंवा साबण व मलम यांनी त्वचेचा होणारा दाह यांची लक्षणे त्याच्याशी मिळतीजुळती असतात. स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याने हा घोटाळा पुष्कळ अंशी टळतो.

दुसरा प्रश्न किण्वाच्या जातीचा. बहुतेक रुग्णांत कँडिडा आल्बिकान्स ही जाती सापडते. परंतु ग्लॅब्राटा या जातीवर फ्लुकोनॅझोल पुष्कळदा लागू पडत नाही. प्रयोगशाळेत स्रावातील किण्व वाढवून त्याची जाती ओळखता येते. ग्लॅब्राटासाठी डॉक्टर कधी योनिमार्गात ठेवण्याची बोरिक आम्लाची कॅप्सूल देतात. ती पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते, व गर्भावस्थेत वर्ज्य आहे.

तिसरा प्रश्न, संसर्गाला पोषक असे मूळ कारण कोणते? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि कित्येकांना त्याची जाणीवही नसते. म्हणून रक्तातील साखर तपासणे इष्ट. मधुमेहावरील काही नवी औषधे साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात. त्यांमुळेही हा संसर्ग वाढतो. मात्र पुष्कळ स्त्रियांत असे कोणतेही कारण सापडत नाही.

नेहमीच्या जातीचा वारंवार होणारा संसर्ग अल्पकाळच्या औषधाने आटोक्यात राहत नाही. म्हणून प्रथम तीन-तीन दिवसांच्या अंतराने फ्लुकोनॅझोलच्या १५० मिलिग्रॅमच्या तीन मात्रा, आणि त्यानंतर आठवड्यास एक याप्रमाणे सहा महिने औषध, असा क्रम ठरविला जातो. २००४ सालच्या एका अभ्यासात सहा महिन्यांअखेर औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ९१, तर न घेणाऱ्यांपैकी शेकडा ३६ स्त्रिया त्रासमुक्त राहिल्या. औषध थांबवून आणखी सहा महिने लोटल्यावर हेच प्रमाण ४३ व २२ झाले. म्हणजे दीर्घ उपचाराने मोठा दिलासा मिळतो. परंतु संसर्ग पुन्हा झाला तर त्यात रुग्णाचा दोष नसतो. गर्भवतीने हे औषध पोटात घेऊ नये; तिच्यासाठी योनिमार्गात वापरण्याची औषधे आहेत.

हा विकार अस्वच्छतेची खूण नव्हे, की दुर्वर्तनाचे फळही नव्हे. पतीवर उपचार करण्याचीही सामान्यतः गरज नसते. उलट अधिक स्वच्छतेच्या हव्यासाने योनिमार्ग आतून धुणे, सुगंधी द्रव्ये वापरणे यांनी अपायच संभवतो. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी आणि सैल सुती वस्त्रे वापरावीत, एवढे पुरे. लज्जेने मौन धरल्यास निदान लांबते व चुकीची औषधे चालू राहतात. सर्दी-खोकल्याविषयी डॉक्टरांशी जितक्या सहजतेने बोलले जाते, तितक्याच सहजतेने याविषयीही बोलले गेले पाहिजे.