एकट्याने पूर्वेकडे जाताना : काय पाहावे, कुठे जेवावे

आपल्या कापड लाईनीतील मंडळी पूर्वी फार तर दुबईपर्यंत जात. आता बँकॉक, क्वालालंपूर आणि सिंगापूरकडेही जाऊ लागली आहेत. कुणी तयार कपड्यांचे नमुने पाहायला जातो, कुणी लेस-बटणे आणायला, तर कुणी आपली लुंगी किंवा ओढणी तिकडे खपेल काय याचा अंदाज घ्यायला. चौघे-पाचजण मिळून गेले तर अडचण येत नाही. एकजण जेवणाचे पाहतो, दुसरा रस्त्याचे पाहतो. पण एकट्याला निघायचे झाले की चांगला धंदा करणारा माणूसही कचरतो. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचे तिकीट निघाले, तेव्हा त्याने भावाबद्दल किंवा मालाबद्दल काहीच विचारले नाही. त्याने विचारले, "मामू, खायचे काय? आणि बाजार बंद झाल्यावर एकट्याने करायचे काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. मी बँकॉकला पहिल्यांदा गेलो १९९८ साली. आदल्या वर्षी २ जुलैला थायलंडने आपले चलन मोकळे सोडले होते. एका डॉलरला सुमारे २५ बाथ मिळायचे, ते १९९८ च्या जानेवारीत ५० च्याही वर गेले. माल स्वस्तात मिळेल म्हणून आम्ही धावलो. कुठे काय खावे हे माहीत नव्हते, म्हणून मी तीन दिवस घरून नेलेली बिस्किटे आणि केळी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्याकडे चाललो होतो. रस्त्यात एक सभ्य दिसणारा माणूस भेटला. म्हणाला, आज राजवाडा बंद आहे, समारंभ आहे, त्यापेक्षा सरकारी सवलतीचे सिल्क पाहून या. टुकटुकवाला तयारच होता, भाडे अगदी नाममात्र. दुकानात थंड सरबत मिळाले, खुर्ची मिळाली, आणि मी "प्युअर थाई सिल्क" म्हणून वीस मीटर कापड उचलले. रात्री हॉटेलवर एक धागा काढून जाळला. खरे रेशीम केस जळाल्यासारखा वास देते आणि त्याची राख बोटाने चुरगळते. माझा धागा वितळला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. पॉलिएस्टर! सुताच्या वासात लहानाचा मोठा झालेला माणूस मी, दुकानातच धागा का नाही जाळला? कारण पोटात काही नव्हते, डोके चालत नव्हते, आणि तीन दिवसांत माझ्याशी गोड बोललेला तो पहिलाच माणूस होता.

राजवाडा बंद असल्याची ही थाप बँकॉकमध्ये फार जुनी आहे आणि आजही चालते. राजवाडा उघडा आहे की बंद, हे फक्त फाटकावर जाऊन पाहावे. वाटेतल्या माणसाचे ऐकू नये. आणि टुकटुकचे भाडे अगदीच कमी सांगितले, तर बाकीचे पैसे दुकानदाराकडून येणार आहेत हे समजावे. आपल्याकडे दलाली कशी चालते हे आपणास मी सांगायला नको.

आता खाण्याचे. बँकॉक हे बौद्धांचे शहर असले तरी तिथे मुसलमानांच्या जुन्या वस्त्या आहेत, आणि त्यांतली एक आपल्या बाजाराच्या अगदी जवळ आहे. तयार कपड्यांच्या प्रतुनाम बाजारापासून थोड्या अंतरावर, फेचबुरी रस्त्याच्या सातव्या गल्लीत, दारुल अमान मशीद आहे. राचथेवी हे उड्डाण रेल्वेचे स्टेशन तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. या गल्लीत आणि आसपास हलाल जेवणाच्या गाड्या आणि छोटी हॉटेले आहेत. एकट्या माणसाने राहायची खोली याच भागात घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. खोली शंभर-दोनशे बाथ महाग पडली तरी चालेल, कारण सकाळचा नाश्ता, नमाज आणि रात्रीचे जेवण यांसाठी टॅक्सी करावी लागत नाही. नदीकाठी जुन्या बँगराक भागात हारून मशीद आहे, तिच्या गल्लीतही खाण्याची सोय होते.

मागायचे काय? "खाव मोक काइ" मागा. हळदीच्या पिवळ्या भातात शिजवलेली कोंबडी, वर तळलेला कांदा, बाजूला आंबट-गोड हिरवी चटणी. आपल्या बिर्याणीची चुलत बहीणच, फक्त मसाला सौम्य. "मस्सामान" नावाची करी मिळते. त्या नावाचा उगम "मुसलमान" शब्दात आहे असे मानतात. दालचिनी, वेलची, बटाटा आणि शेंगदाणे घातलेली ही रस्सेदार करी आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. गाडीवर केळे घालून तव्यावर तळलेली रोटीही मिळते, वरून कंडेन्स्ड दूध. मधुमेह असलेल्यांनी लांबूनच पाहावी.

थाई लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण हलालचे निशाण चौकटीच्या आकाराचे असते आणि त्यात अरबी अक्षरांत "हलाल" लिहिलेले असते. तेवढे ओळखता आले की पुरे. चार शब्द पाठ करावेत : "मू" म्हणजे डुक्कर, "काइ" म्हणजे कोंबडी, "प्ला" म्हणजे मासा, आणि "आहान इसलाम" म्हणजे मुसलमानी जेवण. हा "आहान" म्हणजे आपला "आहार"च आहे. मात्र "मू नको" एवढे सांगून कोणत्याही गाडीवर बसू नये. गाडीवाला बिचारा मू घालणार नाही, पण कढई तीच, डाव तोच आणि चरबीही तीच असेल.

पाहण्यासारखे काय, तर कापडवाल्यांसाठी मी आधी बान क्रुआ सांगेन. ही वस्ती त्याच सातव्या गल्लीच्या मागे, सेन सेप कालव्याच्या काठावर आहे. इथले लोक मूळचे चाम मुसलमान, कंबोडियाकडून आलेले. राजाच्या बाजूने लढले म्हणून त्यांना इथे जमीन मिळाली. घरोघरी रेशमाचे माग होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्प्सन नावाचा अमेरिकन इथे आला. त्याने या विणकरांकडून कापड विणून घेतले आणि थाई सिल्क जगभर खपवले. १९५९ मध्ये बांधून झालेले त्याचे लाकडी घर कालव्याच्या दुसऱ्या काठावर आहे. ते आता संग्रहालय आहे, तिकीट काढून पाहता येते. स्वतः थॉम्प्सन १९६७ च्या मार्चमध्ये मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला गेला आणि तिथून नाहीसा झाला. आजतागायत पत्ता नाही. त्याच्या घरी पर्यटकांची रीघ असते, पण समोरच्या काठावर जाणारे थोडे. तिथे आता मोजक्याच घरांत माग उरले आहेत. मी गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराने मला धोटा हातात घेऊ दिला. भाषा एकमेकांची येत नव्हती. मी सुताला गाठ मारून दाखवली, तसा तो हसला आणि चहा मागवला. आमच्या मालेगावातले हातमाग असेच एकेक करून थांबले होते, ते आठवले.

याच कालव्यातून प्रवासी होड्या धावतात आणि त्या गाड्यांच्या गर्दीतून सुटका करतात. होडीने प्रतुनाम करता येते, आणि पुढे बोबे या ठोक कपड्यांच्या बाजारातही उतरता येते. ठोकाचा बाजार सकाळी लवकर करावा. प्रतुनामला बऱ्याच दुकानांत एका नगाचा भाव वेगळा आणि तीन नगांपासून पुढचा वेगळा असतो, म्हणून भाव विचारताना नग सांगूनच विचारावा. लेस, बटणे, खडे, रिबिनी यांसाठी चायनाटाऊनमधील सांपेंग गल्ली. गल्ली इतकी अरुंद की हातगाडी आली तर भिंतीला चिकटावे लागते. तिच्या टोकाला पाहुरात हा हिंदुस्थानी कापडाचा बाजार आहे. तिथे शीख व्यापारी पिढ्यान्पिढ्या बसले आहेत. हिंदीत बोलता येते, म्हणून भाव कमी होईल असे मात्र समजू नये.

राजवाडा पाहायचा तर पूर्ण पँट आणि बाह्या असलेला शर्ट घालून जावे, अर्ध्या कपड्यांवर आत सोडत नाहीत. त्याच आवारात २०१२ पासून राणी सिरिकित यांच्या नावाचे वस्त्र संग्रहालय आहे. इकत आणि जरीचे काम करणाऱ्यांनी ते चुकवू नये. आणखी एक. थाई नोटेवर राजाची छबी असते. नोट खाली पडून उडू लागली तर पाय ठेवून अडवू नये. तिथे हा मोठा अपमान मानतात.

क्वालालंपूरला उतरल्यावर मात्र छातीवरचे दडपण निघून जाते. इथे हलाल शोधावे लागत नाही, आणि एकटा माणूस एकटा राहत नाही. मी उर्दू शाळेत शिकलेला. मशिदीवरच्या आणि जुन्या पाट्यांवर मलय भाषा अरबी लिपीत लिहिलेली पाहून मी उभा राहून वाचू लागलो. या लिपीला जावी म्हणतात. "प" साठी ते "फे"वर तीन नुक्ते देतात, एवढे कळले की बरेचसे अक्षर लागते. अर्थ कळत नाही असे वाटते आणि तेवढ्यात "दुनिया", "मुसाफिर", "सौदागर" असे शब्द समोर येतात. खुर्चीला "केरुसी", कापसाला "कापास", धोब्याला "दोबी", किल्लीला "कुंची" आणि कसे आहात याला "आपा खबर". दुकानदाराला "आपा खबर" म्हणून पाहा, भाव नाही तरी चेहरा नक्की बदलतो.

मुक्काम मस्जिद जामेक स्टेशनजवळ करावा. दोन नद्यांच्या संगमावरची ही मशीद १९०९ मध्ये उघडली. तिच्या कमानी आणि घुमट आपल्या मोगल इमारतींची आठवण देतात. इंग्रज वास्तुकार हबॅक याने तसा आराखडा केला होता. जवळच मस्जिद इंडियाचा रस्ता आहे. तिथे कापडाची दुकानेच दुकाने. मशिदीला जाणारे पुरुष नेसतात त्या चौकटीच्या सारोंगला "काइन पलेकत" म्हणतात. हे नाव मद्रासजवळच्या पुलिकत बंदरावरून पडले. एके काळी आपल्या विणकरांचा माल तिथून या देशांत जाई. हल्ली लोक म्हणतात बाहेरच्या बाजारात आपल्याला कोण विचारतो! विचारत होते, म्हणून तर नाव राहिले. मर्देका चौकाशेजारी राष्ट्रीय वस्त्र संग्रहालय आहे, २०१० मध्ये उघडलेले. तिथे सोंगकेत हे जरीचे कापड आणि बाटिकची हत्यारे पाहायला मिळतात.

बाटिक घ्यायचे तर १८८८ पासूनच्या सेंट्रल मार्केटमध्ये पाहावे. कापड उलटे करा. मेण लावून रंगवलेल्या खऱ्या बाटिकला दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच रंग असतो. छापील कापडाची मागची बाजू फिकी दिसते.

जेवायला तमिळ मुसलमानांची "मामाक" हॉटेले. सकाळी "रोती चनाइ" आणि डाळ. हा थरांचा पराठाच. दुपारी "नासी कंदार", म्हणजे भात आणि वर चार रश्शांची सरमिसळ. पूर्वी पेनांगला फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन हे विकत, त्या कावडीवरून हे नाव आले. बोट दाखवून वाढून घ्यायचे असते, आणि इथेच नवखा माणूस फसतो. माशाचे डोके किंवा मोठी कोळंबी ताटात घेतली की बिल एकदम वाढते. आधी भाव विचारा, तिथे विचारण्यात लाज नाही. वरून "तेह तारिक", उंचावरून ओतून फेसाळ केलेला चहा. यातली बरीच हॉटेले रात्रभर उघडी असतात. भाच्याने विचारले होते ना, बाजार बंद झाल्यावर काय करायचे, तर मामाकमध्ये बसून दिवसाचा हिशोब लिहायचा. कुणीतरी "इंडिया?" म्हणून बोलायला येतेच. फक्त कुणी ओळख काढून घरी चला, पत्त्यांचा डाव टाकू म्हणाला, तर उठून निघावे. तो पाहुणचार नसतो.

सिंगापूर महाग आहे, दोन दिवस पुष्कळ झाले. अरब स्ट्रीटवर रेशमी आणि बाटिक कापडाची दुकाने आहेत. शेजारी सुलतान मशीद आहे, आजची इमारत १९३२ ची. घुमटाच्या तळाशी काळा पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांनाही बांधकामात हातभार लावता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या. मशिदीसमोर १९०८ पासून चालू असलेल्या झमझम हॉटेलात मुर्तबाक खावा, खिमा भरलेली जाड रोटी. एकट्याने लहानच मागवावी. हॉकर सेंटरमध्ये "नो पोर्क, नो लार्ड" अशी पाटी दिसते. तिचा अर्थ हलाल असा होत नाही. तिथल्या मुइस या संस्थेचे प्रमाणपत्र लावलेले पाहावे. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा असतो आणि हलालच्या ट्रेची मांडणी वेगळी असते.

सिंगापूरला जाताना बॅगेत खाण्याची तंबाखू, गुटखा आणि च्युइंगगम अजिबात नको. आपल्या बायका मसाल्यासाठी खसखस बांधून देतात, तीही काढून ठेवावी. तिथे ती अंमली पदार्थांच्या नियमात सापडते.

पैशांचे थोडक्यात. सगळी रोकड एका खिशात ठेवू नये. कार्ड घासताना मशीन "रुपयांत की तिथल्या चलनात" असे विचारते, तिथलेच चलन निवडावे, नाहीतर दर वाईट लागतो. टॅक्सीसाठी मोबाईलवरचे ग्रॅब तिन्ही शहरांत चालते. भाडे आधी दिसते, वाद होत नाही. व्हिसाचे आणि प्रवेशाच्या ऑनलाईन फॉर्मचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर तिकीट काढू नये. त्या देशाच्या सरकारी सूचना पाहूनच काढावे.

भाचा पुढच्या मंगळवारी निघतो आहे. त्याच्या बॅगेत मी सातव्या गल्लीचा पत्ता थाई लिपीत लिहून घेतलेला कागद ठेवला आहे. धागा जाळायला काड्यापेटी मात्र त्याने तिथेच घ्यावी, हातातल्या बॅगेतून विमानात नेऊ देत नाहीत.