बैल किती वेळा पाहून घ्यावा?

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेतील होत. शेती बेभरवशाची, परंतु खिल्लार बैलांची पैदास हा येथील जुना व्यवसाय होय. पूर्वी औंध संस्थानात मोडणाऱ्या आटपाडी महालाच्या नावाने तर या जातीचा एक प्रकारच ओळखला जातो. पुसेगाव, म्हसवड व खरसुंडी येथील यात्रांतून जनावरांचे बाजार भरतात. तेथे आलेल्या शेतकऱ्यास एक प्रश्न नेहमी पडतो: मनात भरलेला बैल एकदाच पाहून घ्यावा, की पुनःपुन्हा पाहावा?

याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण बैलाचे सर्व गुण सारख्याच रीतीने कळत नाहीत. अंगलट, शिंगांची ठेवण, खुरांचा आकार ही एका नजरेत दिसतात. दातांचेही तसेच. दोन दाती खोंड सुमारे दोन ते अडीच वर्षांचा, चार दाती तीन वर्षांच्या आसपासचा; आठही दात आले की बैल 'जुळला' आणि त्यानंतर दातांच्या झिजेवरून वयाचा केवळ अदमास करावयाचा. हे दात तीनदा पाहिले म्हणून ज्ञानात भर पडत नाही.

जे दोष प्रसंगानुसार प्रकट होतात, त्यांची गोष्ट निराळी. सांध्याचा आखडलेपणा रात्रभर बसलेला बैल पहाटे उठून पहिली पावले टाकतो तेव्हा दिसतो. थोडे चालल्यावर तो पुष्कळदा झाकला जातो. म्हणून गिऱ्हाईक येण्यापूर्वीच बैल फिरवून आणलेला असेल, तर त्या पाहणीचे मोल थोडे. मारकेपणा परक्या माणसाने कासरा हाती घेतल्यावर कळतो. जुवाखाली बसण्याची खोड तर जुंपल्याखेरीज कळतच नाही. आणि जुंपावयाचे ते नेहमीच्या जोडीदाराबरोबर नव्हे, दुसऱ्या बैलाबरोबर व नेहमीची बाजू बदलून. सारांश, एकाच दावणीपाशी चारदा जाणे ही आमच्या मते एकच पाहणी होय. सायंकाळी दावणीस, पहाटे उठताना आणि जुंपून, अशा तीन पाहण्या मात्र खरोखर तीन ठरतात.

विकणाऱ्यास दोष ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. या विषमतेने बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. आपल्याकडे १९३० चा मालविक्रीचा कायदाही, काही अपवाद सोडता, पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावरच टाकतो. त्यात उपरण्याखाली बोटे धरून ठरणारा भाव भोवतालच्यांस कळत नाही. तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकाने बैलास किती किंमत दिली व का सोडला, याचा बोध दुसऱ्यास होत नाही.

पाहणीस खर्चही असतो. वैरण, मुक्काम व बुडालेला दिवस यांपेक्षा मोठी भीती ही की, पहाटेपर्यंत बैल दुसऱ्याच्या दावणीस जाईल. विसार देऊन बैल राखून ठेवणे हा त्यावरील उपाय. मात्र दोष आढळल्यास विसार परत मिळेल काय, हे पंचांसमक्ष आधीच बोलून घेतले पाहिजे. पुष्कळ तंटे येथेच उद्भवतात.

शर्यतीच्या बैलांस हे माप पुरत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रापुरती शिथिल झाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य ठरला. अशा बैलाचे मोल वेगावर असते, व वेग दावणीस दिसत नाही. त्याचा ग्राहक यात्रेपूर्वीच, त्यास मैदानांतून धावताना पाहून आलेला असतो.